लार्नाका ते अंताल्या : अंतर किती, वेळ किती?

आपल्या पणजोबांच्या काळीं गांवांमधील अंतर कोसांत मोजीत असत, हें खरें. परंतु वाटसरूंच्या तोंडीं जी भाषा असे ती कोसांची नसून काळाची असे. अमुक गांव एका मजलेवर आहे, तमुक क्षेत्र चार मुक्कामांवर आहे, नदीपलीकडील देऊळ दोन घटकांच्या वाटेवर आहे, असेंच सांगण्याचा प्रघात होता. पुढें आगगाडी आली, रुळांच्या कडेला मैलांचे दगड उभे राहिले, आणि अंतराचा हिशेब काळाच्या हिशेबापासून निराळा झाला. आतां विमानाच्या युगांत चक्र पुन्हां फिरलें आहे. ज्या घरांतील मुलगा लंडनास असतो त्या घरीं, मुंबईहून लंडन किती मैल, असें विचारलें तर क्वचितच कोणी सांगूं शकेल. परंतु "नऊ-दहा तासांचा प्रवास" हें उत्तर आजीबाईही तत्काळ देतील.

मैल कोणी विचारीत नाहीं, याचें कारण उघड आहे. विमानास डोंगर आडवा येत नाहीं, नदीस पूर आला म्हणून त्यास थांबावें लागत नाहीं, घाट नाहीं, वळण नाहीं. तेव्हां अंतरास वेगानें भागलें कीं वेळ निघाला, अशी आपली सर्वांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहावें, या हेतूनें आम्हीं भूमध्य समुद्राच्या कांठचे दोन विमानतळ निवडले आहेत. एक, सायप्रस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील लार्नाका; दुसरा, समोरच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील अंताल्या. लार्नाकाच्या धांवपट्टीशेजारीं एक खारें सरोवर आहे, व हिवाळ्यांत त्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. अंताल्याच्या पाठीशीं तोरोस पर्वताच्या रांगा उभ्या आहेत, आणि उन्हाळ्यांत युरोपांतील लक्षावधि प्रवासी तेथें समुद्रस्नानासाठीं येतात. दोहोंच्या मध्यें सायप्रसचा थोडासा भूभाग आणि त्यापुढें निळा समुद्र. नकाशा पाहणारास एवढेंच दिसतें.

नकाशावरील अंतर

हें अंतर काढण्यास मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाहीं. माध्यमिक शाळेंतील मुलगा अथवा मुलगी हें काम रात्रीच्या जेवणापूर्वीं सहज करूं शकेल, आणि घरांतील मुलांकडून तें अवश्य करून घ्यावें. पृथ्वीच्या परिघाचे ३६० अंश, व प्रत्येक अंशाच्या ६० कला. अक्षांशाची एक कला म्हणजेच एक सागरी मैल, व त्याची लांबी १.८५२ किलोमीटर. लार्नाकाचा विमानतळ ३४ अंश ५२ कला उत्तर अक्षांशावर व ३३ अंश ३७ कला पूर्व रेखांशावर आहे. अंताल्याचा ३६ अंश ५४ कला उत्तर व ३० अंश ४८ कला पूर्व येथें आहे. अक्षांशांतील फरक १२२ कलांचा, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १२२ सागरी मैल झालें. रेखांशांतील फरक १६९ कलांचा आहे. परंतु रेखावृत्तें विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जातांना एकमेकांच्या जवळ येत असल्यामुळें, छत्तिसाव्या अक्षांशाच्या आसपास रेखांशाची एक कला सागरी मैलाच्या ०.८१ पटच भरते. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर १३७ सागरी मैल. आतां लीलावती शिकलेल्या आपल्या पूर्वजांस परिचित असलेलें भुज-कोटि-कर्णाचें गणित करावें : १३७ चा वर्ग, १२२ चा वर्ग, दोहोंची बेरीज, आणि तिचें मूळ. कर्ण आला १८३ सागरी मैल. म्हणजे सुमारें ३४० किलोमीटर, किंवा आपल्या नेहमींच्या मैलांत २११.

अंतर थोडें असल्यामुळें येथें पृथ्वी सपाट मानली तरी चालतें. लांबच्या प्रवासांत मात्र पृथ्वीचा गोलपणा विचारांत घ्यावाच लागतो. शाळेंतील पृथ्वीगोल घेऊन मुंबई व न्यूयॉर्क यांवर एक दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेस न जातां उत्तरेकडे बराच चढून मग खालीं उतरतो असें आढळेल. भिंतीवरील नकाशावर जी रेषा वांकडी दिसते तीच गोलावर सर्वांत आंखूड असते. विमानतळांमधील जें अंतर पुस्तकांत दिलेलें असतें तें या ताणलेल्या दोऱ्याचें.

घड्याळाचा हिशेब

आतां वेळ काढूं. प्रवासी जेट विमान उंचावर पोंचल्यावर ताशीं ८०० ते ८५० किलोमीटर वेगानें जातें. ३४० किलोमीटरांस त्यास पंचवीस-सव्वीस मिनिटें पुरावीं. पण विमानाच्या वेळापत्रकांत जो वेळ छापतात तो केवळ उडण्याचा नसतो. चाकांपुढील अडसर काढल्यापासून पलीकडच्या तळावर अडसर पुन्हां लावीपर्यंतचा सारा काळ त्यांत धरलेला असतो. विमान जागेवरून निघून धांवपट्टीच्या तोंडाशीं जातें, आपली पाळी येईपर्यंत थांबतें, मग चढतें; चढतांना वेग कमी असतो, उतरतांना त्याहूनही कमी; आणि उतरण्यापूर्वीं वाऱ्याच्या तोंडीं यावें म्हणून पुष्कळदां त्यास वळसा घ्यावा लागतो. जवळच्या प्रवासांत तर विमान पुरतें वर जातें न जातें तोंच खालीं उतरूं लागतें.

म्हणून एक ढोबळ रीत सांगून ठेवतों. किलोमीटरांस ८०० नीं भागावें, व जो वेळ येईल त्यांत अर्धा तास मिळवावा. ही रीत लार्नाकावरूनच ताडून पाहतां येईल. लार्नाकाहून अथेन्स सुमारें ९३० किलोमीटर आहे. भागाकार सत्तर मिनिटांचा, त्यांत तीस मिळविलीं कीं एक तास चाळीस मिनिटें. वेळापत्रकांतील वेळही पावणेदोन तासांच्या आसपासच असतो. लार्नाकाहून लेबाननमधील बैरूत अवघें २०७ किलोमीटर. तेथें पाऊण तास. वाऱ्यामुळें यांत थोडा फरक पडतो. या अक्षांशांवर उंच हवेंत वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळें अथेन्सहून लार्नाकास येणारें विमान उलट दिशेस जाणाऱ्या विमानापेक्षां कांहीं मिनिटें लवकर पोंचतें. या रीतीनें लार्नाका ते अंताल्या हा प्रवास पंचावन्न मिनिटांचा ठरतो. घरून न्याहारी करून निघालेल्या माणसानें दुपारचें जेवण पलीकडे घ्यावें, इतका जवळचा.

तीनशें चाळिसांचे दोन हजार

गणित येथें संपतें, आणि खरी गोष्ट येथून सुरू होते. लार्नाकाहून अंताल्यास जाणारें विमान नाहीं. तुर्कस्तान सायप्रसच्या प्रजासत्ताकास मान्यता देत नाहीं. सायप्रसमध्यें नोंदलेल्या विमानांस आपल्या हद्दींतून उडूं देत नाहीं व आपल्या तळांवर उतरूं देत नाहीं. सायप्रसच्या जहाजांसही १९८७ पासून तुर्की बंदरें बंद आहेत. मग ज्यास जावयाचेंच आहे त्यानें काय करावें? नेहमींची वाट म्हणजे प्रथम पश्चिमेस अथेन्स, सुमारें ९३० किलोमीटर. तेथून ईशान्येस इस्तंबूल, सुमारें ५५० किलोमीटर. आणि तेथून पुन्हां दक्षिणेस अंताल्या, सुमारें ५१५ किलोमीटर. एकूण जवळ जवळ २,००० किलोमीटर! वरील रीतीनें तिन्ही टप्प्यांचा वेळ चार तास होतो. त्यांत दोन ठिकाणची प्रतीक्षा, सामानाची तपासणी व पारपत्राच्या रांगा मिळविल्या म्हणजे पंचावन्न मिनिटांच्या जागीं सारा दिवस खर्चीं पडतो.

याहून विलक्षण गोष्ट पुढेंच आहे. लार्नाकापासून सरळ रेषेंत अवघ्या ३३ किलोमीटरांवर, त्याच बेटावर, एर्जान नांवाचा दुसरा विमानतळ आहे. तेथून अंताल्या सुमारें ३१० किलोमीटर, आणि तेथून अंताल्याकडे विमानें जात-येत असतात, प्रवास तासाभराचा. मात्र एर्जान बेटाच्या उत्तर भागांत, तुर्की सायप्रसी लोकांच्या ताब्यांतील प्रदेशांत आहे, आणि त्या प्रदेशास तुर्कस्तानखेरीज कोणत्याही राष्ट्राची मान्यता नाहीं. म्हणून एर्जानहून तुर्कस्तानखेरीज दुसऱ्या कोणत्याही देशास थेट विमान जात नाहीं. लंडनास जाणारा एर्जानचा प्रवासी प्रथम तुर्कस्तानांत उतरतो व मग पुढें जातो. लार्नाकाचा प्रवासी मात्र थेट लंडनास जातो. एका तळास उत्तरेचें दार बंद. दुसऱ्यास उत्तरेखेरीज सारीं दारें बंद. कावळा सरळ उडून जेथें पोंचेल तेथें जाण्यास माणसानें अर्धें भूमध्य पालथें घालावें, याचें कारण ना वाऱ्यांत आहे ना यंत्रांत.

हा समुद्र अडविणारा नव्हता

आपणांस कदाचित् वाटेल कीं, हे दोन किनारे मुळांतच परस्परांस परके असतील. इतिहास नेमकें उलट सांगतो. १९८२ मध्यें तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या प्रांतांतील काश गांवाजवळ उलूबुरून नांवाच्या टोंकापाशीं एका प्राचीन बुडालेल्या जहाजाचा शोध लागला. तें जहाज इसवी सनापूर्वीं चौदाव्या शतकाच्या अखेरचें, म्हणजे आजपासून सुमारें तेहतीसशें वर्षांपूर्वींचें. त्यांत सुमारें दहा टन तांब्याच्या लगडी सांपडल्या, आणि धातूच्या परीक्षणावरून तें तांबें सायप्रसचें ठरलें. त्याच जहाजावर कथील होतें, कांच होती, हस्तिदंत होता. युरोपीय भाषांतील तांब्याचें नांव याच बेटाच्या नांवावरून पडलेलें आहे, हें अनेकांस ठाऊक असेलच. ज्या काळीं शिडें व वल्हीं यांखेरीज साधन नव्हतें त्या काळीं सायप्रसचें तांबें या किनाऱ्यावरून जात होतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पॉल सायप्रसमधील पाफॉस बंदरांतून निघाला तो समोरच्या किनाऱ्यावरील पर्गा नगरास गेला, असें बायबलांत नमूद आहे. पर्गाचे भग्नावशेष आजच्या अंताल्यापासून जवळच आहेत. परतीच्या वेळीं त्यानें खुद्द अंताल्याच्याच बंदरांतून, तेव्हांच्या अत्तालियाहून, जहाज पकडलें. त्यास अथेन्सचा वळसा घालावा लागला नाहीं!

वाड्यांतील भिंत

मग हा वळसा आला कोठून? एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ही हकीकत समजण्यास फार कठीण जाऊं नये. सायप्रसमध्यें ग्रीक भाषा बोलणारे बहुसंख्य, सुमारें चार पंचमांश; तुर्की बोलणारे पंचमांशाहून कमी. दोघांचीं घरें शतकानुशतकें एकाच गांवांत, पुष्कळदां एकाच आळींत होतीं. बेट उस्मानी तुर्कांच्या सत्तेखालीं होतें; १८७८ मध्यें त्याचा कारभार इंग्रजांकडे आला; १६ ऑगस्ट १९६० रोजीं तें स्वतंत्र झालें, आणि ग्रीस, तुर्कस्तान व ब्रिटन हीं तीन राष्ट्रें त्याच्या घटनेचीं हमीदार झालीं. परंतु बहुसंख्यांपैकीं पुष्कळांस ग्रीसमध्यें विलीन व्हावयाचें होतें, आणि अल्पसंख्यांस त्याचीच धास्ती होती. डिसेंबर १९६३ मध्यें रक्तपात झाला. राजधानी निकोसियामध्यें दोन्ही पक्षांस दूर ठेवण्यासाठीं एका इंग्रज सेनाधिकाऱ्यानें नकाशावर हिरव्या पेन्सिलीनें रेघ ओढली. ती 'हिरवी रेषा' अद्यापि त्याच नांवानें ओळखली जाते.

पुढील वर्षीं, मार्च १९६४ मध्यें, संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना तेथें आली. या सेनेशीं आपल्या देशाचा निकटचा संबंध आहे. तिचे पहिले सेनापति जनरल ज्ञानी हे भारतीय. त्यांच्यानंतरचे जनरल थिमय्या हेही भारतीय. थिमय्यांनीं आपल्या देशाचें सरसेनापतिपद भूषविल्यावर हें काम पत्करलें, आणि १८ डिसेंबर १९६५ रोजीं त्या बेटावरच त्यांचें देहावसान झालें. सायप्रसनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

१५ जुलै १९७४ रोजीं ग्रीसमधील लष्करशहांच्या चिथावणीनें सायप्रसमध्यें बंड झालें व राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिऑस यांस पळून जावें लागलें. पांचच दिवसांनीं, २० जुलै रोजीं, तुर्की सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलें. त्या उन्हाळ्याच्या अखेरीस बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुर्की सैन्याच्या हातीं होता. दीड लाखांहून अधिक ग्रीक सायप्रसी उत्तरेंतील घरेंदारें सोडून दक्षिणेस आले. चाळीस-पन्नास हजार तुर्की सायप्रसी दक्षिणेंतील आपलीं घरें सोडून उत्तरेस गेले. चुलीवरचें अन्न तसेंच टाकून निघालेल्या कुटुंबांच्या व्यथा एकाच बाजूच्या नव्हत्या. १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं उत्तरेनें आपलें निराळें राज्य घोषित केलें, व संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीनें ती घोषणा कायद्यानें अग्राह्य ठरविली. २००४ मध्यें एकीकरणाची योजना दोन्हीकडे मतास टाकण्यांत आली. उत्तरेनें बहुमतानें होकार दिला, दक्षिणेनें त्याहून मोठ्या बहुमतानें नकार. कोणाचें कितपत चुकलें, याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाहीं. वाटणीच्या भांडणांत शेजाऱ्यानें बोलूं नये हेंच बरें.

जेथून कोणी उडत नाहीं

या सर्व घटनांचा विमानांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदीं सरळ आहे. १९७४ पर्यंत बेटाचा मुख्य विमानतळ ना लार्नाका होता ना एर्जान. तो होता राजधानी निकोसिया येथें. १९६८ मध्यें त्याची नवी, त्या काळीं अत्याधुनिक समजली जाणारी इमारत उघडली. सहा वर्षांनीं लढाई त्याच्या धांवपट्टीवर येऊन पोंचली. दोन्ही पक्षांस तो आपल्या हातीं हवा होता. तेव्हां संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेनें तो आपल्या संरक्षणाखालीं घेतला व दोघांसही आंत येऊं दिलें नाहीं. त्या वेळीं त्या सेनेचे सेनापति जनरल प्रेमचंद होते, तेही भारतीयच.

तेव्हांपासून तो तळ दोन्ही फौजांमधील निर्मनुष्य पट्ट्यांत पडून आहे. प्रवाशांच्या दालनांतील खुर्च्यांवर धूळ व पारव्यांची घाण सांचली आहे. मैदानांत सायप्रस एअरवेजचें एक ट्रायडंट जातीचें विमान इंजिनांवांचून उभें आहे. राजधानीचा तळ मिटल्यामुळें दक्षिणेनें लार्नाकाची जुनी धांवपट्टी घाईघाईनें सज्ज केली, व १९७५ पासून तेथून वाहतूक सुरू झाली. उत्तरेनें एर्जान वाढविला. २००९ मध्यें लार्नाकास नवी प्रशस्त इमारत झाली, २०२३ मध्यें एर्जानलाही झाली. एका घराच्या दोन चुली झाल्या म्हणजे भांडींही दुप्पट लागतात, त्यांतलाच हा प्रकार.

विमान चालविणारांसही या दुफळीचा त्रास आहे. आकाशाच्या प्रत्येक भागावर कोणीतरी जमिनीवरून देखरेख करतो, व वैमानिक त्याच्या आज्ञेप्रमाणें उंची व दिशा ठेवतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें सायप्रसभोवतींचें आकाश निकोसिया केंद्राच्या अधिकारांत आहे. परंतु तुर्कस्तानकडून येणाऱ्या विमानास बेटाच्या उत्तरेस पोंचतांच एर्जानचाही आवाज ऐकूं येतो. एकाच विमानास दोघांच्या सूचना, आणि ते दोघे परस्परांशीं बोलत नाहींत! वैमानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें हा धोका वारंवार दाखवून दिला आहे. घड्याळांचीही तीच गत झाली होती. २०१६ मध्यें तुर्कस्ताननें उन्हाळ्याचा वेळ बारमाही केला, व उत्तर सायप्रसनें त्याचें अनुकरण केलें. त्यामुळें त्या हिवाळ्यांत निकोसियाच्या एका रस्त्याच्या दोन टोंकांस एका तासाचा फरक पडला. पुढील वर्षीं उत्तरेनें तो बदल मागें घेतला, तेव्हां बेटाचा वेळ पुन्हां एक झाला.

२३ एप्रिल २००३ रोजीं हिरव्या रेषेवरील नाकीं उघडलीं, हें येथें सांगितलें पाहिजे. त्या दिवसांत हजारों माणसें आपलें जुनें घर नुसतें डोळ्यांनीं पाहण्यासाठीं रांगा लावून पलीकडे गेलीं. त्यामुळें लार्नाकाहून मोटारीनें एर्जानकडे जाणें आतां शरीरानें शक्य आहे. पण एर्जानला उतरून बेटावर आलेल्या परदेशस्थाचा तो प्रवेश सायप्रसचें सरकार कायदेशीर समजत नाहीं. रस्ता खुला, पण कागद बंद.

असेच आणखी वळसे

हें सायप्रसपुरतेंच आहे असें समजूं नये. त्याच भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोंकास अल्जीरिया व मोरोक्को हे शेजारी देश आहेत. भाषा एक, धर्म एक. ऑगस्ट २०२१ मध्यें अल्जीरियानें संबंध तोडले व सप्टेंबरांत आपलें आकाश मोरोक्कोच्या विमानांस बंद केलें. तेव्हांपासून एका देशांतून दुसऱ्यांत जाणारास ट्यूनिस, किंवा समुद्र ओलांडून युरोपांतील एखादें शहर गांठावें लागूं लागलें.

आणि आपण तरी दूर कशास जावें? १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानांतून कराचीहून उड्डाण केलें, व अहमदाबादेस थांबून ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. आपल्या देशांतील विमानवाहतुकीच्या धंद्याचा आरंभ त्या उड्डाणापासून मानतात. कराची व मुंबई यांमधील अंतर सुमारें ८७५ किलोमीटर. आमच्या रीतीनें आजचा प्रवास एक तास पस्तीस मिनिटांचा. पण गेलीं कित्येक वर्षें या दोन शहरांमध्यें थेट विमान नाहीं, व प्रवाशास दुबईसारख्या ठिकाणीं वळसा घालून जावें लागतें. फेब्रुवारी २०१९ मध्यें आणि पुन्हां एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्तानचें आकाश आपल्या विमानांस बंद झालें, तेव्हां दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या प्रवाशांचा वेळ लांबला, इंधन अधिक जळलें. ज्या मार्गानें आपल्या विमानविद्येनें पहिलें पाऊल टाकलें तोच मार्ग आज सर्वांत अवघड व्हावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

एक जमिनीखालचा मार्ग

तथापि केवळ खिन्न होऊन हा विषय सोडणें योग्य होणार नाहीं. निकोसिया शहर दुभंगलें तेव्हां तेथें एक अत्यंत घरगुती अडचण निर्माण झाली. वरची वस्ती दोघांची झाली, पण शहराचें सांडपाणी दोहोंकडे एकाच उतारानें वाहणार! १९७८ च्या सुमारास दक्षिणेचे नगराध्यक्ष लेलोस देमेत्रिआदिस व उत्तरेचे मुस्तफा अकिंजी या दोघांनीं एकत्र बसून शहरास एकच गटारयोजना ठेवण्याचें ठरविलें. त्यांचीं सरकारें परस्परांशीं बोलत नसतां हे दोन गृहस्थ बोलत होते, आणि त्या बोलण्यांतूनच पुढें साऱ्या शहराचा सामाईक आराखडा तयार झाला. चौकांत भिंत घातली तरी मोरी एकच ठेवावी लागते, हें शहाणपण आपल्याकडील कित्येक वाड्यांनीं पाहिलेलें आहे.

त्या ओसाड विमानतळाच्या आवारांतही एक काम शांतपणें चाललेलें आहे. १९६३-६४ व १९७४ च्या दंग्यांत व लढाईंत बेपत्ता झालेल्या २,००२ माणसांची यादी दोन्ही समाजांच्या संमतीनें करण्यांत आली. त्यांत ग्रीक सायप्रसी आहेत तसे तुर्की सायप्रसीही आहेत. जमिनींतून निघालेल्या अस्थि या विमानतळाच्या आवारांतील प्रयोगशाळेंत आणतात, आणि दोन्ही समाजांतील तरुण शास्त्रज्ञ एका मेजावर बसून त्या कोणाच्या आहेत हें ठरवितात. हजाराहून अधिक जणांची ओळख पटून त्यांच्या अस्थि आप्तांच्या स्वाधीन झाल्या आहेत. ज्या तळावरून कोणी उडत नाहीं, तेथून इतकीं माणसें आपापल्या घरीं पोंचलीं आहेत. अस्थींच्या विधीचें महत्त्व जाणणाऱ्या आपल्या समाजास त्या घरच्या मंडळींचें समाधान वेगळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

तात्पर्य, दोन विमानतळांमधील अंतर हें गणितानें सांगावें, व तें सहसा चुकत नाहीं. वेळ सांगतांना मात्र वाऱ्याइतकाच माणसांचा कल पाहावा लागतो. वेळापत्रक हातीं आलें म्हणजे वाचकांनीं एकदां पृथ्वीगोलावर दोरा ताणावा, ८०० नीं भागावें, अर्धा तास मिळवावा, आणि छापलेला आंकडा त्याशीं ताडून पाहावा. जेथें दोहोंत पांच-दहा मिनिटांचा फरक पडेल तेथें तो वारा समजावा. जेथें तासच्या तास वाढलेले दिसतील तेथें मात्र नकाशा बाजूस ठेवून त्या देशांचा इतिहास काढून बसावें.